लाभ, दोन, तीन

अक्का, आपल्या घरात डोळे चोळायला बंदी होती. बाकीच्या घरांत पोरांना सांगतात, चुलीजवळ जाऊ नको, रस्त्यावर पळू नको. आपल्याला माय एकच सांगायची, डोळ्याला हात लावू नको. दोंडाईच्याला मिरच्या वाळत घालतात त्या पथारीवर दिवसभर देठ खुडून आलेले सहा हात एका घरात राहायचे. मायचे, तुझे, माझे. ताक लावा, तेल लावा, राखेनं घासा, आग जायची नाही. त्याच हातांनी माय पीठ मळायची. कोरडी भाकरसुद्धा तिखट लागायची. जगात सगळ्यांचीच भाकर तिखट असते, असं मला चौथीपर्यंत वाटत होतं.

आबा मार्केट यार्डात मापाडी होते. एका हंगामात पोत्यांची थप्पी कोसळली, आबांची पाठ गेली आणि त्यांचं जग बाजेपुरतं उरलं. तू बारावी झालीस तेव्हा मी दहावीत होते. दोघींचं कॉलेज जमणार नव्हतं, हे कुणी बोललं नाही, सगळ्यांना ठाऊक होतं. तूच बोललीस, जेवताना, पाणी मागावं तसं. "मी पथारीवर जास. सोनीले पुढे धाडा." आबांनी भिंतीकडे तोंड केलं. मायनं तव्यावरची भाकर उलटली. मी नको म्हटलं नाही, अक्का. मला जायचंच होतं.

गेले पंधरा दिवस घरात येणारा प्रत्येक माणूस तेच सांगतोय. तुझ्या बहिणीनं तुझ्यासाठी जन्म वेचला. झिजली बिचारी. चंदन ते काय वेगळं असतं. मी मान डोलावते, चहा देते, आणि आतून मला ते कप भिंतीवर फेकावेसे वाटतात. तुला झिजलेली म्हणणाऱ्यांतल्या एकालाही ठाऊक नाही की तू काय होतीस. आणि ज्या एकीला ठाऊक होतं, तिनं ते आठ वर्षं दाबून ठेवलं. ती मी. म्हणून हे लिहितेय. तुझा राग येतोय म्हणूनही लिहितेय. खरं सांगते, रडू कमी येतंय, रागच जास्त येतोय.

जळगावला कॉलेजात गेले तेव्हा मी कम्प्युटर फक्त फोटोस्टॅटच्या दुकानात पाहिलेला होता. विषय घेतला, कारण पुढे नोकरी लागते असं कुणीतरी सांगितलं होतं. वर्गातल्या अर्ध्या पोरांना आधीपासून येत होतं. सर फळ्यावर लिहायचे, पोरं 'हो सर' म्हणायची, आणि मी वहीत उतरवून घ्यायचे. नुसतं उतरवून. एकदा पाच नावांची यादी करून ती एकेक छापायला सांगितली. माझ्या यादीतलं पहिलं नाव दर वेळी गायब. पाचाऐवजी चारच छापली जायची आणि मग खाली लाल अक्षरांत चूक दाखवायचा. सर मागून आले, पाहिलं आणि म्हणाले, "ज्यांना मोजता येत नाही त्यांनी हा विषय का घेतला?" पोरं हसली. मोजता येत नाही! मापाड्याच्या पोरीला!

दिवाळीत घरी आले ती सांगायलाच, की मी कॉलेज सोडतेय. तू पथारीवर होतीस, दुपारच्या सुट्टीत, लिंबाखाली. तोंडाची ओढणी सोडून भाकर खात होतीस. शेजारी शबाना होती, तुझी जोडीदारीण, आठवडी बाजारात कल्हई करणाऱ्या चाचांची मुलगी. मी म्हटलं, "अक्का, माले नही समजत. मी नही जात आते."

तू विचारलंस, "काय समजत नही?"

"बठ्ठंच."

"बठ्ठंच कसं नही समजी? एक सांग. सगळ्यात पहिलं काय शे?"

मी म्हटलं, व्हेरिएबल.

"म्हंजे?"

मी वहीतली व्याख्या म्हणून दाखवली. तू शबानाकडे पाहिलंस, शबानानं तुझ्याकडे. तू म्हणालीस, "हाई काय मंत्र शे का? सरळ बोल."

"डबा. डब्यावर नाव लिहायचं आणि आत काहीतरी ठेवायचं."

"मंग तसं सांग ना वं. मायना डबास्वर काय लिखेल शे? मीठ. मजार काय शे? हळद. नाव येक, माल दुसरा. तुले घरनं समजस, कॉलेजनं समजत नही?"

शबाना इतकी हसली की तिला ठसका लागला.

त्या दुपारी तू माझी वही घेतलीस ती दिवाळी संपेपर्यंत दिली नाहीस. मी तुला शिकवत नव्हते, अक्का, हे मी आता स्वच्छ लिहिते. मी फक्त वाचून दाखवायचे. शिकायचीस तू, आणि मग मला शिकवायचीस. एक बरोबरचं चिन्ह आणि दोन बरोबरची चिन्हं यात माझा रोजचा घोळ. मी सगळीकडे एकच द्यायचे. तू सांगितलंस, "एक बरोबर म्हंजे 'ठेव'. डबामा पाच ठेव. दोन बरोबर म्हंजे 'शे का?' डबामा पाच शे का? एक हुकूम शे, एक इचारनं शे. तू इचाराना जागावर हुकूम देस, मंग ते चिडस." आमच्या सरांनी हे दोन तास समजावलं होतं.

मग तू माझ्या मोबाइलवर स्वतः लिहायला लागलीस. प्रोग्रॅम चालवायचं ॲप मीच टाकून दिलं होतं. पथारीवरची बोटं तशीच काचेवर फिरायची. मी तो मोबाइल घेऊन बोलले आणि नंतर डोळा चोळला तर अर्धा दिवस पाण्याच्या तांब्यात तोंड घालून बसले होते. तुझा पहिला लूप आठवतो? पोत्यात दहा शेर मिरची आहे, पोतं रिकामं होत नाही तोवर 'खुड' असं छापत राहा. चालवला तर 'खुड खुड खुड खुड', थांबेचना. मोबाइल तापला. तू घाबरून तो आबांच्या बाजेवर टाकलास. मग वहीत पाहिलंस आणि कपाळावर हात मारलास, "देठ खुडा, पन पोतं कमी कराचं राही गयं!" आणि शबानाला हाक मारून सांगितलंस, "हाई ते आपला शेठनी पथारी शे वं, सरतच नही!"

आणि माझं ते गायब होणारं पहिलं नाव. मी तुला सांगितलं, यादीतल्या पहिल्याला कम्प्युटर शून्य म्हणतो, एक म्हणत नाही. मी एकपासून मोजते म्हणून पहिला सुटतो. नियम पाठ आहे, पण हात दर वेळी एकच लिहितो. तू वही मिटलीस. मग बाजेकडे वळून विचारलंस, "आबा, तुम्ही जवारी मोजतस तवय पहिला मापले काय म्हनतस?"

आबा म्हणाले, "लाभ."

"येक का नही म्हनत?"

"पहिला मापले येक म्हनाचं नही. लाभ म्हनाचं. लाभ, दोन, तीन. बापनी असंच शिकाडं."

ओसरीवर बसलेल्या शबानानं सांगितलं, तिचे दादा, म्हणजे आजोबा, धान्य मोजताना 'बरकत' म्हणतात. बरकत, दो, तीन.

तू माझ्याकडे पाहिलंस. "समजनं का? माप ते पडस, पन त्याले येक म्हनत नहीत. तुना कम्प्युटर बी मापाडी शे. पहिलाले येक म्हनत नही."

अक्का, त्यानंतर माझं पहिलं नाव कधी गायब झालं नाही. मी परत गेले. कॉलेज सोडलं नाही.

इथवर सगळं गोड आहे. इथून पुढचं कुणालाच सांगितलेलं नाही.

वर्षाच्या शेवटी तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. त्यांनी विचारलं, यादीची मोजणी शून्यापासून का? मी गडबडले आणि तोंडातून निघून गेलं, "सर, पहिलं माप लाभ असतं." लॅबमधली पोरं खदखदली. परीक्षक हसले नाहीत. म्हणाले, नीट सांग. मी सांगितलं, तू सांगितलंस तसंच, मापाड्यासकट. ते खूश झाले. म्हणाले, "वा! हे कुणी शिकवलं तुला?"

तेव्हा एक नाव घ्यायचं होतं. दोन अक्षरी, अक्का. मी म्हणाले, "कुणी नाही सर. माझं मलाच सुचलं."

का म्हणाले? मिरची खुडणाऱ्या बहिणीनं शिकवलं असं त्या पोरांसमोर सांगायची लाज वाटली. झालं. याहून मोठं कारण नाही. शोधलं तरी सापडत नाही.

आणि एकदा खोटं बोललं की ते पुढे आपोआप चालतं, थांबवायची अट आपणच घातलेली नसते. पदवी मिळाल्यावर दोंडाईच्यात समाजाच्या कार्यक्रमात माझा सत्कार झाला. घराण्यातली पहिली पदवीधर. मी भाषणात सरांचं नाव घेतलं, त्याच सरांचं, ज्यांनी मला मोजता येत नाही म्हटलं होतं. तू शेवटच्या रांगेत मायजवळ बसून टाळ्या वाजवत होतीस. घरी येताना रिक्षात म्हणालीस, "सरनं नाव घेतं, मनं राही गयं." आणि हसलीस. हसलीस! त्या दिवशी माझ्या कानशिलात दोन का नाही दिल्यास? तू हसलीस म्हणून मी सुटले. मीही हसले आणि विषय बदलला.

पुढे मी जळगावलाच कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागले. पहिल्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात मी दर वर्षी 'लाभ, दोन, तीन' सांगते. पोरं माना डोलावतात. शहरातल्या मुलांना त्याची मोठी गंमत वाटते. मॅडम, तुम्ही किती सोपं करून सांगता! मी ते घेते, अक्का. दर वर्षी घेते.

आता तुझ्याकडे वळते. सगळा राग माझ्यावरच काढायचा ठेका मी घेतलेला नाही.

तुला शिकायचं होतं. तू मला सांगितलं होतंस. बाहेरून परीक्षा देता येते असं तुला कळलं होतं, मुक्त विद्यापीठाची, कम्प्युटरचीसुद्धा. फॉर्म आणायचं काम माझ्याकडे होतं, कारण माझं कॉलेज, माझ्या ओळखी. तू फोनवर विचारायचीस, "फारम लई उनी का?" मी म्हणायचे, पुढच्या वेळी. दोन वर्षं पुढच्या वेळी. विसरायचे का? एकदा खरंच विसरले. बाकीच्या वेळी मला आठवत होतं. तू बसलीस तर माझ्या पुढे जाशील, हे मला त्या डब्याच्या दिवसापासून ठाऊक होतं. तू दुसऱ्या वर्षी म्हणालीस, "ऱ्हाऊ दे. तुले काम ऱ्हास." त्यानंतर परत कधी विचारलं नाहीस. भांडली का नाहीस? मीठ कमी पडलं तर मायशी तास तास भांडणारी तू, इथे 'ऱ्हाऊ दे'?

मग तुझा दमा. पथारीवर सगळ्यांनाच खोकला, म्हणून तुझाही खोकला मिरचीच्या नावावर गेला. शेठनं काय दिलं? ओढणी घट्ट बांधा, हा सल्ला. पंप मी आणून दिला होता, तो तू देवघरात जपून ठेवायचीस. फारच झालं तर घ्यायचीस, संपू नये म्हणून. पंप का कुणी जपून ठेवतं? तो काय सोनं आहे? दर रविवारी मी फोन करायचे तर तू धुळ्याला असायचीस. "दवाखानामा शे मी. मंग बोलसू." मला बरं वाटायचं. चला, नीट दाखवतेय. रविवारी कोणता डॉक्टर बसतो, हा साधा प्रश्न मला, पोरांना अटी शिकवणारीला, दीड वर्षात एकदा पडला नाही.

त्या मंगळवारी पथारीवरच तुला धाप लागली. ओढणी सोडली तरी श्वास येईना. शबानानं तुला रिक्षात घालून आधी इथल्या दवाखान्यात आणि मग धुळ्याला नेलं. मी जळगावहून निघाले, गाडी धुळ्याला येईपर्यंत सगळं झालं होतं. पंप देवघरात होता. मी मोजून पाहिलं, त्यात अजून कितीतरी दाब शिल्लक होते.

दहाव्याच्या दिवशी अंगणात माणसं बसली होती. मामी डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "स्वतः अडाणी राहिली पोर, पण बहिणीला मॅडम केलं."

मी गप्प होते. आताही गप्पच राहिले असते, सवयच ती. पण मागून शबाना उठली. "अडाणी किसको बोल रहे, मामी?"

मामी दचकल्या. शबानानं माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, तुमको भी नही मालूम ना?" तिनं 'मॅडम' असं म्हटलं की शिवी बरी. मग पर्स उघडून एक घडी केलेला कागद काढला, तो आबांच्या हातात दिला. आबांना छापलेलं वाचता येत नाही. त्यांनी तो माझ्यापुढे धरला. "काय शे हाई?"

गुणपत्रक होतं, अक्का. तुझ्या नावाचं.

मग शबाना सांगत गेली आणि सगळं अंगण ऐकत राहिलं. माझ्या फॉर्मची वाट पाहणं सोडून तू दोघींचे फॉर्म स्वतः आणलेस. दर रविवारी धुळ्याच्या केंद्रावर तास असायचे. एसटीत तू शबानाची उजळणी घ्यायचीस. शबाना एका विषयात राहिली, तुझा निकाल लागला, आणि तुम्ही पथारीवर सगळ्या बायकांना पेढे वाटलेत. महिना झाला त्याला! पथारीवरच्या बायकांना ठाऊक. पेढेवाल्याला ठाऊक. मला नाही.

मी विचारलं, "मला का नाही सांगितलं तिनं?"

शबाना थोडी नरमली. "वो बोली, तिले सांगू नका. तिले वाईट वाटी."

मला वाईट वाटेल! अक्का, तुला सगळं ठाऊक होतं. फॉर्म का येत नाही हे ठाऊक होतं. मी तुझं नाव का घेत नाही हेही. आणि तू राग धरायचं सोडून मलाच सांभाळत बसलीस, मी जणू पिठाची बाहुली. दवाखान्याचं नाव सांगून तासाला जायचीस आणि खरोखरच्या दवाखान्यात जायला तुला रविवार उरला नाही. फाईल पाहिली मी. शेवटची तारीख दीड वर्षामागची. तुला दोन्ही करता आलं असतं. मला सांगितलं असतंस तर मी जळगावला मोठ्या डॉक्टरकडे नेलं असतं, मी एवढीही वाईट नाहीये. आता हे कुणाला सांगू? तू भांडायची संधीच ठेवली नाहीस. त्याबद्दल मी तुला माफ करणार नाही. तू मला करू नकोस.

आबांनी पुन्हा विचारलं, "काय शे, वाच ना."

मी उभी राहून वाचलं, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं. नाव, विषय, गुण. मामींनी पदर तोंडावर ओढला. मग मी तेही सांगितलं, जे पहिल्याच वर्षी सांगायला हवं होतं. की मला कॉलेजात जे पहिलं समजलं ते हिनं शिकवलं, पथारीवर, लिंबाखाली, आणि मी ते आठ वर्षं माझं म्हणून खपवलं. मायनं फक्त एवढं म्हटलं, "आठ वर्सं?" आणि ती आत गेली. पाच दिवस ती माझ्याशी बोललेली नाही. बरोबर आहे तिचं.

काल सोमवारी तास होता, पहिल्या वर्षाचा. मी वर्गात सांगितलं, 'लाभ, दोन, तीन' माझं नाही, माझ्या मोठ्या बहिणीचं आहे, वैशालीचं, ती मिरचीच्या पथारीवर देठ खुडायची. मागच्या बाकावरची पहूरची एक मुलगी आहे, फटकळ. ती म्हणाली, "मग मॅडम, त्या दिवशी तुमचं म्हणून का सांगितलं?"

मी म्हटलं, "खोटं सांगितलं."

ती म्हणाली, "बरं," आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं. काय लिहिलं ते मी पाहिलं नाही.

शबानाचा राहिलेला विषय मी घेतेय, रविवारी दुपारी, आपल्याच ओसरीवर. ती मला अजून मॅडमच म्हणते, त्याच चालीवर. परवाच्या रविवारी तिनं मध्येच पेन ठेवलं आणि म्हणाली, "अक्का जल्दी समझाती थी." मी म्हटलं, हो, समजवायची.

तुझं गुणपत्रक माझ्यापुढे आहे. तू पहिल्या वर्षाच्या बठ्ठा विषयांत पास झालीस. प्रोग्रॅमिंगच्या पेपरात तुला माझ्यापेक्षा अकरा गुण जास्त आहेत.